लिहिणाऱ्याला सांग

६ नोव्हेंबर

चिमटीला आजीचा आशीर्वाद. आशीर्वाद जुनाच आहे, तुझ्यासाठी नवा काढलेला नाही. वापरून वापरून मऊ झालाय, अंगाला बोचणार नाही.

अक्षर ओळखलंस ना? हात तुझ्या बापाचा आहे, तोंड माझं आहे. मला लिहिता येत नाही हे तुला ठाऊक आहे, आणि फोनवर तुझं बोलणं मला बादलीतून आल्यासारखं येतं. तू ‘बरी आहेस ना’ विचारतेस, मी ‘बरी आहे’ म्हणते, मग दोघी आपापल्या बादलीत बघत बसतो. म्हणून आज त्याला म्हटलं, दुकानाला सुटी आहे, रिकामा बसलायस, कागद घे. तो म्हणाला, “मी त्या मुलीशी बोलत नाही.” मी म्हटलं, “बोलू नकोस. मला तुझा हात हवाय, तोंडाची सोय माझ्याकडे आहे.” वस्तरा धरतो तसं पेन धरून आता समोर बसलाय. मी सांगेन ते सगळं लिहायचं, त्याच्या विरुद्ध असेल तेही लिहायचं, अशी अट घातलीय.

तुमचं भांडण तुम्हा दोघांना अर्धं अर्धं पाठ आहे. मला दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं, म्हणून पूर्ण पाठ आहे. एकदा कागदावर येऊ दे, म्हणजे पुढे कोणी पदरचं घालायला नको. तू सुटीच्या दिवशी शेजारच्या शिवणवालीचं कुत्रं दुकानातल्या खुर्चीत बसवलंस आणि त्याचे केस कापलेस. दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब दाढीला आले, तर त्यांच्या गळ्याभोवतीच्या कापडाला पांढरे कुरळे केस निघाले. वकीलसाहेबांच्या डोक्यावर तर काहीच नाही, तेव्हा हे कोणाचे हा प्रश्न आलाच. तुझा बाप म्हणाला, माणसांच्या खुर्चीत कुत्री बसायला लागली तर माणसांनी कुठे बसायचं? तू म्हणालीस, माझं गिऱ्हाईक तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकांपेक्षा शांत बसतं आणि राजकारणावर बोलत नाही. ह्यात खोटं काही नव्हतं, म्हणून तो जास्त भडकला. “कुत्र्यांची हजामत करायची असेल तर जा. मला कोणी ओळखत नाही तिथे जाऊन कर.”

तू गेलीस. जिन्यात माझ्या कानात म्हणालीस, “ज्याने जा म्हटलं त्याने ये म्हटलं तर येईन. तू म्हणून चालणार नाही, आजी.”

तेव्हा मी ये म्हणत नाहीये, हे नीट लक्षात घे. मी नुसती खबर सांगतेय.

तुझा झिपऱ्या बरा आहे. तुझ्या खोलीच्या मालकाला कुत्रं चालत नाही म्हणून त्याला आमच्या गळ्यात टाकून गेलीस. आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर दाराकडे तोंड करून बसतो. कोणी आलं की उठतो, तू नाहीस असं दिसलं की बसतो. दिवसभर एवढ्या उठाबशा काढतो की शाळेत असता तर मास्तरांनाच दया आली असती.

त्याच्या केसांची अजिबात काळजी करू नकोस. तू एकटी करायचीस ते आम्ही दोघं मिळून करतो. तुझा बाप दुकान उघडायच्या आधी मोठा कंगवा घेऊन त्याच्या पाठीवरून फिरवतो. मी बघितलं की म्हणतो, “जिन्यात केस पडतात म्हणून.” दुपारी मी तेल लावते. हो, तेल. तुझी आई गेल्यापासून तुझ्या डोक्याला रोज तेल लावून माझ्या बोटांना खोड लागली. तू गेलीस, खोड इथेच राहिली. कुरळे केस तुझेही आणि त्याचेही. शिवाय तो तुझ्यासारखं ‘आजी, पुरे’ म्हणत नाही, डोळे मिटून बसतो. असा चकाकायला लागलाय की वकीलसाहेबांनी परवा विचारलं, तेल कोणतं.

थंडी पडायला लागलीय. तुझी खोली झाडून ठेवते, खिडकी रोज उघडते. ह्याला बोलावणं म्हणत नाहीत, ह्याला हवा खेळती ठेवणं म्हणतात.

आजी

ता. क. — हे शिवणवाली लिहितेय. आजींनी पाकीट बंद करायच्या आधी माझ्याकडून वाचून घेतलं. त्यांनी सांगितलेलं एक वाक्य आत नव्हतं, ते माझ्या हाताने घालायला सांगतायत: ‘तुझा बाप संध्याकाळी शटर अर्धं ओढतो आणि रस्त्याच्या टोकाकडे बघत उभा राहतो, मग उरलेलं ओढतो.’


२४ नोव्हेंबर

चिमटे,

तुझं पत्र आलं. तुझ्या बापाने मोठ्याने वाचून दाखवलं, दुसरं कोण वाचणार. एक गंमत सांगू? ‘आजी, तेल बंद कर, आजपासून, आत्तापासून’ हे त्याने दुकानातल्या आवाजात वाचलं. ‘आणि लिहिणाऱ्याला सांग, वरवर कंगवा फिरवणं म्हणजे चुरगळलेल्या अंथरुणावर चादर ओढणं’ हे त्याने दवाखान्यातल्या आवाजात वाचलं.

लिहिणाऱ्याला सांग! मला हसू आवरेना. बाबा म्हणायला तुझी जीभ झिजते, म्हणून बापाला नवी पदवी दिलीस. त्यालाही ती मानवली बघ. लगेच म्हणाला, “पत्रवालीला सांग, मी हा धंदा तिच्या जन्माआधीपासून करतोय.” सांगितलं. आता तू उलट काय म्हणशील ते मी त्याला सांगेन. ह्या वयात मला टपालखात्यात नोकरी लागलीय.

तू लिहिलंस तसं करून बघितलं. खांद्यापाशी केसांचा भांग पाडला, खालची कातडी दिसेपर्यंत, आणि कंगवा मुळापासून टोकाकडे काढायला गेलो. कंगवा जागचा हलेना. पाठीवर तसंच, पोटाखाली त्याहून वाईट. तू लिहितेस की त्याची आई कुरळी आणि बापाचा पत्ता नाही, म्हणून वरचे केस एका जातीचे आणि आतले मऊ केस दुसऱ्या जातीचे, ते एकमेकांत अडकून बसतात. असेल बाई. आमच्या घरात तर एकाच जातीचे अडकून बसलेत.

आता जे सांगते ते ऐकून ओरडू नकोस. तुझं पत्र यायच्या आधी आम्ही त्याला आंघोळ घातली. माझं तेल, त्यावर जिन्यातली धूळ, त्याला वास यायला लागला होता. तुझ्या बापाने गरम पाणी काढलं, दुकानातला चांगला शाम्पू काढला आणि टॉवेलने खसाखसा पुसलं, जसं तुला लहानपणी पुसायचा. तू लिहिलंस, ‘काही झालं तरी गुंता सोडवल्याशिवाय ओला करायचा नाही, आवळून बसतो.’ ते वाचताना पत्र त्याच्या हातात होतं आणि झिपऱ्या त्याच्या पायाशी वाळत होता. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घालून चोळावा तसं झालंय. वर कापूस, आत सतरंजी.

शिवणवालीने येऊन बोटं घालून बघितलं. म्हणाली, “आजी, ह्याला आतून अस्तर कोणी लावलं?”

 दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी जिन्यावरून बघितलं, तुझा बाप खाली उकिडवा बसून बोटांनी एक एक गाठ चाचपत होता. डोळ्यांनी नाही, बोटांनी. एखाद्याच्या डोक्यावर चट्टा सापडला की तो सांगायच्या आधी चाचपतो ना, तसं.

तुझ्या पत्रात तू लिहिलंयस की दिवसभर दुसऱ्यांची कुत्री धुतेस, आणि एकदा झिपऱ्यासारखाच एक आला तर त्याच्या टाळूवर नाक टेकवलंस, पण वास दुसऱ्याच घराचा होता. ते वाक्य वाचून तुझा बाप थांबला आणि पाणी प्यायला उठला. एवढ्या थंडीत तहान कुठून लागली कोण जाणे. मीही मग तेवढ्यात डोळे पुसून घेतले. एकाच खोलीत दोघांनी एकदम रडायची आमच्याकडे पद्धत नाही.

तेल बंद केलंय. बोटं मांडीवर ठेवून बसते.

आजी


९ डिसेंबर

चिमटे,

तुझं पार्सल पोचलं. तारेचा ब्रश आणि लोखंडी कंगवा. ब्रश बघून तुझा बाप म्हणाला, “एवढ्याशा ब्रशला एवढा पसारा?” आणि मग दुकानातल्या सगळ्या कंगव्यांच्या शेजारी तो असा ठेवला की गिऱ्हाइकाला पहिला तोच दिसावा.

पण पोरी, उशीर झाला. तू सांगितलंस तसं गाठीची मुळाकडची बाजू चिमटीत धरून, कातडी ओढली जाऊ न देता, टोकाकडून सोडवायला घेतलं. पहिली गाठ सुटली. दुसरी अर्धी सुटली. तिसऱ्या वेळी झिपऱ्याने तुझ्या बापाचा हात दातांत धरला. चावला नाही, नुसता धरला आणि वर बघितलं. तुझा बाप म्हणाला, “बरं बाबा,” आणि उठला.

आता मी गोड करून सांगणार नाही. काखेतले केस इतके आवळलेत की त्याला पाय पूर्ण टाकता येत नाही, घट्ट कपड्यातल्या माणसासारखा चालतो. पायरीवर बसायचं त्याने सोडलंय. माझ्या खाटेखाली पडून असतो आणि अंगाला चावत राहतो. दाराची घंटी वाजली तरी उठत नाही. चिमटे, मी त्याच्या उठाबशांना हसत होते. आता घंटी वाजली की मीच दाराकडे बघते.

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. चांगली बाई आहे, चहा घेतला, मग रागावली. म्हणाली, सगळे केस कातडीपासून काढावे लागतील, खाली अंग लाल झालंय, ओलसर आहे, असंच ठेवलं तर चिघळेल. एरवी गुंगीचं औषध देऊन काढतात. पण तिने त्याच्या छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली. ह्याच्या हृदयाचा आवाज मला आवडत नाही, म्हणाली, ह्या वयात गुंगी द्यायची माझी हिंमत नाही. “ओळखीचा हात पाहिजे ह्याला. शुद्धीत असताना काढू देईल असा.”

ओळखीचा हात तिकडे आहे, दुसऱ्यांच्या कुत्र्यांवर.

मी तुझ्या बापाला म्हटलं, लिही, ‘ये.’ त्याने पेन खाली ठेवलं आणि गॅलरीत गेला. मी बसून राहिले. त्याच्या चहावर साय धरली. परत आला, पेन उचललं आणि म्हणाला, “पुढे सांग.” म्हणजे ते मघाचं ‘ये’ तू वाचू नकोस, ते नुसतं मी म्हटल्याचं लिहिलंय, त्याने म्हटल्याचं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्या घरात दोन सुंभ आहेत, एक इथे आणि एक तिथे, आणि मधल्या मध्ये कुत्र्याच्या अंगाला पीळ पडलाय.

रागाने नाही म्हणत गं. रात्री उठून पांघरूण कोणावर घालावं हे मला हल्ली कळत नाही, एवढंच.

काय करायचं ते लवकर लिही. लिहिणाऱ्याला सगळं सांग. तो काही विचारणार नाही, तेव्हा न विचारलेलंही सांग.

आजी


२० डिसेंबर

चिमटे,

झालं. आधी हे सांगते, म्हणजे पुढचं श्वास घेत वाचशील. झिपऱ्या ठीक आहे.

तुझं ते लांबलचक पत्र तुझ्या बापाने मला एकदाच वाचून दाखवलं, पण स्वतः कितीदा वाचलं ते मोजायला मी बसले नाही. तू काढलेलं कुत्र्याचं चित्र, काखेत बाण, कानाला बाण, ते त्याने दुकानात आरशाच्या कडेला खोचलंय. एक गिऱ्हाईक म्हणालं, “ही नवीन फॅशन का? माझी अशी नको.”

कात्री लावायची नाही, कारण गाठीत कातडी ओढलेली असते आणि दिसत नाही. मशीन लावायचं, पण पातं तापतं, म्हणून सारखं आपल्या मनगटाला लावून बघायचं. कातडी ताणून धरायची. काखेत ती पापुद्र्याएवढी पातळ असते. कानाची कड आधी बोटांनी शोधायची. सगळं मला पाठ झालंय, उद्या मीच दुकान काढेन. आणि शेवटी तू लिहिलंस, ‘लिहिणाऱ्याला सांग, त्याच्याइतका हलका हात मी इथेही कोणाचा पाहिला नाही. मी तो हात बघूनच शिकले.’ ते त्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. म्हणे मला ऐकू आलं नसेल म्हणून. मला चांगलं ऐकू आलं होतं.

सुटीच्या दिवशी शटर अर्धं खाली ओढून घेतलं. तुझ्या बापाने खुर्ची पुसली. तीच खुर्ची, माणसांची. मी तोंड आवळून गप्प राहिले, माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं काम समज. पण झिपऱ्या खुर्चीत बसेना, पाय लटपटायला लागले. मग तुझा बाप म्हणाला, “आई, तू बस.”

मी बसले. झिपऱ्याला माझ्या मांडीवर दिलं. तुझ्या बापाने पायाने खुर्चीचा खटका दाबला आणि आम्ही दोघं वर गेलो. आमच्या दोघांभोवती मिळून एकच कापड बांधलं, मागे गाठ मारली. समोर आरशात बघते तर एका कापडातून दोन डोकी, दोन्ही पांढरी. मी म्हटलं, “माझी फक्त बाजूने कमी कर.” हसला. हसला होतास ना? लिही, हसला.

मशीन सुरू झालं तेव्हा झिपऱ्याने माझ्या कोपरात तोंड खुपसलं. तुझा बाप त्याच्याशी बोलायला लागला, गिऱ्हाइकाशी बोलतो तसंच. “मान जरा खाली. हं. काय थंडी पडलीय यंदा. आता इकडची बाजू. झालंच.” पातं मनगटाला लावायचा, थांबायचा, निववायचा, पुन्हा लावायचा. केस गळून पडत नव्हते, चिमटे, सालीसारखे सोलून निघत होते. पाठीवरून, बरगड्यांवरून, अख्खं एकसंध.

तेवढ्यात शटरखालून आधी काठी आली आणि मग वकीलसाहेबांचं डोकं आलं. त्यांच्याकडे पाहुणे यायचे होते, दाढी हवी होती. वाकल्या वाकल्या बघत राहिले. मला वाटलं, आता मेलं. तुझ्या बापाने मशीन बंद केलं नाही.

“हे काय चाललंय?”

“गिऱ्हाईक आहे.”

“कोणाचं?”

“माझ्या मुलीचं,” तुझा बाप म्हणाला. “ती हेच काम करते. ती इथे नाही म्हणून मी करतोय. आत येऊन बसा, वेळ लागेल.”

इथे पेन थांबलंय. थांबू दे. मी पुन्हा सांगते आणि तो पुन्हा लिहील: माझ्या मुलीचं, ती हेच काम करते. लिहिलंस? शिवणवालीकडून वाचून घेणार आहे.

वकीलसाहेब आत येऊन बसले. काखेची वेळ आली तेव्हा झिपऱ्या धडपडायला लागला, तर त्यांनीच उठून मागचे पाय धरले. नाकाला रुमाल बांधून, पण धरले. पाहुण्यांसमोर दाढी वाढलेलीच गेली असणार.

डाव्या कानाच्या कडेला थोडं लागलं. रक्त आलं, लगेच थांबलं. इतकी वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा चालवला पण त्याचा हात कधी हलला नव्हता, तो तिथे हलला. आत्ता मला विचारतोय, “हेही लिहू?” मी म्हटलं, तुझ्या मनावर आहे. लिहिलं त्याने.

सगळं निघालं तेव्हा आत एवढंसं कुत्रं होतं. गुलाबी, थरथरणारं, कान मोठाले. स्वतःच्या अंगाचा वास घेत गोल गोल फिरलं, मग जोरात अंग झटकलं आणि अंगावर काहीच हललं नाही म्हणून दचकलं. तुझ्या बापाने तुझ्या कपाटातला तो विटका स्वेटर काढला आणि बाही कापली. शिवणवालीने चार टाके घातले. ती बाही घालून झिपऱ्या पहिल्यांदा स्वस्थ झाला, नाक बाहीत घालून झोपला. तू तो स्वेटर कधी धुतला नव्हतास त्याबद्दल तुला नेहमी बोलायची. आता नाही बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर खाटेखाली नाही. पाय नीट टाकत जिना उतरला होता आणि शेवटच्या पायरीवर जाऊन बसला होता, दाराकडे तोंड करून. मला वाटलं होतं, एवढ्या उठाठेवीत विसरला असेल. नाही विसरला.

आजी


१६ फेब्रुवारी

चिमटे,

मी दुकानातल्या त्या ‘माझ्या मुलीचं’वर एवढी शाई खर्च केली, आणि तुझं उत्तर काय? ‘कान बरा झाला का?’ एवढंच. मी पाकीट उलटं करून झटकलं. बापाने एक शब्द दिला तर तिकडून एक शब्द सुटेना. तुम्हा दोघांना एकाच लाटण्याने लाटलंय, त्यात माझीच चूक असणार, लाटणं माझंच.

कान बरा झाला. केस यायला लागलेत. आधी मखमल आली, आता बोटाला गुंडाळता येईल एवढे कुरळे झालेत. नवे केस जुन्यापेक्षा काळपट आहेत. वकीलसाहेब येता जाता हात फिरवून बघतात आणि मग नकळत तो हात स्वतःच्या डोक्यावर फिरवतात. माणसाची आशा सुटत नाही.

तुझा बाप रोज बसतो त्याच्यापाशी. तू लिहिलंस तसंच, पायापासून वर, एक एक ओळ, कातडी दिसेपर्यंत भांग पाडून. आधी ब्रश, मग कंगवा. जिन्यात केस पडतात म्हणून, असं आता म्हणत नाही. 

आणि एक सांगायचं राहिलं. वकीलसाहेबांनी गल्लीभर सांगितलंय. कोर्टात त्यांचं कोणी ऐकतं की नाही कोण जाणे, गल्ली ऐकते. गेल्या आठवड्यात एक बाई काखेत कुरळं पिल्लू घेऊन दुकानाच्या दारात उभी. म्हणाली, “तुमची मुलगी कुत्र्यांचे केस करते म्हणे, असते का ती?” मी जिन्यात होते. तुझा बाप कात्री हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, “सध्या नसते.”

सध्या. ऐकलंस? नुसतं ‘नसते’ म्हणाला असता तरी चाललं असतं, बाई निघून गेली असती. ‘सध्या’ मध्येच कुठून आलं ते त्याला विचार. मी त्या एका शब्दावर आठवडा काढलाय. सकाळी खिडकी उघडताना म्हणते, सध्या. तुझी उशी उन्हात टाकताना म्हणते, सध्या. म्हातारपणी दात गेल्यावर असा एखादा मऊ शब्द मिळाला की बरं असतं, चघळता येतो.

पण चघळून पोट भरत नाही, पोरी. मला पत्रं आवडायला लागलीत हे खरं, तुझे शब्द त्याच्या तोंडून आणि त्याचे माझ्या तोंडून, तेवढ्यापुरते तिघं एका खोलीत असल्यासारखे वाटतो. मग तो पेनाला टोपण लावतो आणि खोलीत दोघंच असतो.

मला जे म्हणायचंय ते तू म्हणू देत नाहीस. जिन्यात तोंड बांधून गेलीस माझं. तेव्हा मी आता थांबते. कागद बराच कोरा उरलाय, तो ह्याचा. शिवणवाली बहिणीकडे गेलीय, मला वाचता येत नाही, म्हणजे काय लिहील ते मला कळणार नाही. मी चहा ठेवायला जातेय.

आजी


आईने सांगितलेलं इथे संपलं.

झिपऱ्याच्या कानामागे पुन्हा गाठ धरायला लागलीय. पट्टा काढून ठेवला तरी धरते. टोकाकडून सोडवतो, पण आतल्या मऊ केसांपर्यंत गेलो की त्याला दुखतं आणि तो माझ्याकडे बघतो. तू कसं करायचीस ते मी कधी नीट बघितलं नाही. हे पत्रातून मला जमेल असं वाटत नाही.

ती पिल्लूवाली बाई पुन्हा येऊन गेली. तिला नाही म्हटलं नाही.

मी जा म्हटलं होतं. आता मीच म्हणतोय, ये.

आई आतून विचारतेय, इतका वेळ काय लिहितोयस. पत्ता लिहितोय म्हणून सांगितलं. ती म्हणाली, एवढी लांब राहते का पोरगी.